पांढरी बुरशी आणि रेशीम अळी : संगोपनगृहातील आर्द्रतेचे गणित

भाद्रपद सरत येतो, पावसाचा जोर ओसरतो आणि रात्री गार होऊ लागतात, तेव्हा यवतमाळ जिल्ह्यात तुती लावणाऱ्या शेतकऱ्यांच्या काळजीचे दिवस सुरू होतात. काल संध्याकाळपर्यंत अधाशासारखा पाला खाणारी रेशीम अळी सकाळी सुस्त पडलेली दिसते. एक-दोन दिवसांत ती मरते. मेलेली अळी हाताला आधी मऊ लागते, काही तासांनी खडूच्या कांडीसारखी कडक होते आणि आणखी एखाद्या दिवसाने तिच्या अंगावर पांढरी शुभ्र पूड फुटते. ही पूड म्हणजे बुरशीचे असंख्य बीजाणू. वाऱ्याची एक झुळूक किंवा पाला टाकणाऱ्याचा हात त्यांना शेजारच्या अळ्यांवर नेऊन सोडतो. 'पांढरी मस्कार्डिन' या नावाने ओळखला जाणारा हा रोग बहुधा शेवटच्या आठवड्यात, म्हणजे जवळजवळ सगळा पाला आणि सगळी मेहनत खर्ची पडल्यानंतर नजरेस येतो, हे त्याचे खरे दुखणे आहे.

यवतमाळ हा कापसाचा आणि अलीकडच्या काळात सोयाबीनचा जिल्हा. पावसाच्या लहरीवर आणि बाजारभावावर टांगलेल्या या पिकांना जोड हवी, ही चर्चा २००६ मध्ये केंद्र सरकारने विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केले तेव्हापासून सतत होत आली आहे. त्या सहा जिल्ह्यांत यवतमाळ होता. जोडधंद्यांच्या यादीत तुती आणि रेशीम यांचे नाव ठळकपणे घेतले जाते, आणि त्याला कारणेही आहेत. एकदा लावलेली तुती १२ ते १५ वर्षे पाला देते, वर्षात चार-पाच पिके घेता येतात, लागवडीला रोजगार हमी योजनेचा आधार मिळतो, राज्याच्या रेशीम संचालनालयाचे मुख्यालय नागपुरात, म्हणजे विदर्भातच आहे. कोष विकण्यासाठी कर्नाटकातील रामनगरपर्यंत जाण्याची सक्तीही २०१८ मध्ये जालन्याला कोष बाजार सुरू झाल्यानंतर उरली नाही. मात्र कापूस आणि रेशीम यांत एक मूलभूत फरक आहे. कापूस आभाळाखाली वाढतो, अळी छपराखाली. त्या छपराखालचे हवामान शेतकऱ्याला स्वतः घडवावे लागते. हे कसब कापसाच्या शेतीने त्याला कधी शिकवलेले नसते.

वास्तविक बुरशीला ओल लागते, तेव्हा खोली कोरडी ठेवली की प्रश्न मिटला, असे कोणालाही वाटेल. तसे करता येत नाही. रेशीम अळी पाणी पीत नाही. तिला लागणारे सारे पाणी पाल्यातून मिळते. हवा कोरडी पडली की पाला तासा-दोन तासांत सुकतो, अळी तो सोडून देते आणि उपाशी राहते. लहान अळीला तर कोरडी हवा थेट बाधते. म्हणजे जी ओल अळीला जगवते, तीच बुरशीलाही रुजवते. शहरात काचेच्या पेटीत शंखातले खेकडे पाळणाऱ्या हौशी मंडळींना हा पेच ओळखीचा वाटेल. जमिनीवर राहणारा हा खेकडाही कल्ल्यांनीच श्वास घेतो, त्यामुळे पेटीतली हवा कोरडी झाली तर तो गुदमरतो. आणि दमट ठेवली तर वाळूवर, उरलेल्या खाद्यावर बुरशीची लव धरते. फरक एवढाच, की तिथे दोन-चार खेकडे असतात आणि इथे १०० अंडीपुंजांमागे ४० ते ५० हजार अळ्या.

वयाप्रमाणे बदलणारी ओल

आर्द्रतेचा एकच आकडा लक्षात ठेवून भागत नाही, कारण अळीची गरज वयाप्रमाणे बदलते. अंड्यातून बाहेर पडल्यापासून कोष विणेपर्यंत अळी चार वेळा कात टाकते, म्हणजे तिच्या पाच अवस्था होतात. पहिल्या दोन अवस्थांना 'चॉकी' म्हणतात. या काळात २७ ते २८ अंश सेल्सिअस तापमान आणि ८५ ते ९० टक्के आर्द्रता लागते. म्हणूनच चॉकी अळ्यांच्या ट्रेवर मेणकागद झाकतात आणि कडेने ओल्या फोमच्या पट्ट्या लावतात. तिसऱ्या अवस्थेत आर्द्रता ८० टक्क्यांवर, चौथ्या अवस्थेत ७० ते ७५ वर आणि पाचव्या अवस्थेत ६५ ते ७० टक्क्यांवर उतरवायची असते. तापमानही त्याच क्रमाने २४-२५ अंशांपर्यंत खाली आणायचे असते. कोष विणताना तर ६० ते ६५ टक्केच पुरे.

लहानपणी ओल आणि मोठेपणी कोरड, असा हा उतरता जिना का, याचे उत्तर अळीच्या शरीरात आहे. लहान अळीचे अंग आकारमानाच्या मानाने मोठ्या पृष्ठभागाचे असते, त्यामुळे ती चटकन सुकते. तीच अळी पाचव्या अवस्थेच्या शेवटी जन्मवजनाच्या सुमारे १० हजार पट होते आणि तोपर्यंत रोज भरमसाट पाला खाऊ लागलेली असते. त्या पाल्यातले जास्तीचे पाणी तिला श्वासरंध्रांतून आणि त्वचेतून बाहेर टाकावे लागते. भोवतालची हवाच ओलीचिंब असेल तर ते पाणी जाणार कुठे? मग विष्ठा पातळ होते, अळी मलूल पडते आणि कोणताही रोग तिला सहज गाठतो.

आता हे पाणी किती, याचा हिशेब मांडून पाहण्याजोगा आहे. १०० अंडीपुंजांच्या पिकाला ढोबळमानाने एक टन पाला लागतो आणि त्यातला ८० टक्क्यांहून अधिक एकट्या पाचव्या अवस्थेत, म्हणजे सहा-सात दिवसांत संपतो. तुतीच्या ताज्या पाल्यात सुमारे तीन चतुर्थांश पाणी असते. म्हणजे शेवटच्या आठवड्यात शेतकरी संगोपनगृहात पाल्याच्या रूपाने ६०० लिटरच्या आसपास पाणी स्वतःच्या हाताने नेऊन ठेवतो. त्यातले काही अळीच्या अंगात आणि कोषात राहते. उरलेले विष्ठेत, न खाल्लेल्या पाल्यात आणि हवेत जाते. पावसात भिजलेल्या फांद्या तशाच आणून टाकल्या तर हा आकडा आणखी फुगतो. पाऊस नसला तरी खोली दमट होते ती यामुळे, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही आणि दोष सगळा आभाळाला दिला जातो.

रात्रीचा घात

संगोपनगृहात भिंतीला टांगलेला आर्द्रतामापक बहुतेक ठिकाणी दिवसा पाहिला जातो. घात होतो तो पहाटे. हवेतील आर्द्रतेची टक्केवारी सांगतो ती हवेत मावू शकणाऱ्या बाष्पाच्या प्रमाणात. आणि हवा गार झाली की तिची बाष्प धरण्याची ताकद कमी होते. दुपारी ३० अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रता असलेली खोली पहाटे २५ अंशांवर आली, तर बाष्पाचा एक थेंबही न वाढता ती १०० टक्क्यांवर पोहोचते. पत्र्याच्या आतल्या बाजूला दव धरते, प्लास्टिकच्या पडद्यावरून ओघळ येतात. बुरशीच्या बीजाणूला रुजायला ९० टक्क्यांच्या वरची अशी काही तासांची ओलच पुरेशी असते. दुपारी पुन्हा ७५ चा आकडा दिसतो आणि सारे ठीक असल्याचा समज होतो. कमीत कमी पहाटेची एक नोंद ठेवल्याशिवाय या मापकाचा उपयोग अर्धाच.

यातूनच दुसरी गफलत निपजते. पाऊस लागला की शेडचे सगळे पडदे सोडून खोली घट्ट बंद करण्याची रीत सार्वत्रिक आहे. झड आत येऊ नये म्हणून वाऱ्याच्या बाजूचे पडदे सोडणे बरोबरच. पण सगळीकडून कोंडणे चूक. बाहेर पाऊस पडत असताना हवा २३ अंशांवर पूर्ण भिजलेली असली, तरी तीच हवा २७ अंशांच्या खोलीत आल्यावर तिची आर्द्रता ७९ टक्क्यांच्या आसपास भरते. आतल्या, पाल्याने आणि अळ्यांच्या श्वासाने ९५ टक्क्यांवर गेलेल्या हवेपेक्षा ती कोरडीच ठरते. तेव्हा छपराजवळची झरोके उघडी ठेवून आणि खालच्या आडोशाच्या बाजूने हवा घेऊन खोली वाहती ठेवणे पावसातही शहाणपणाचे असते. कुजणाऱ्या विष्ठेतून निघणारा अमोनियाही त्याबरोबर निघून जातो. पंखा लावायचा तर त्याचा झोत थेट अळ्यांवर न धरता भिंतीकडे किंवा छताकडे धरतात, नाहीतर पाला सुकतो.

हिवाळ्यात नुसत्या वाऱ्याने भागत नाही, उष्णता द्यावी लागते. २० अंशांवर ९५ टक्के आर्द्रता असलेली हवा २६ अंशांपर्यंत तापवली, तर तीच ६६ टक्क्यांवर येते. एकाच उपायात ऊबही मिळते आणि कोरडही. विजेचा हीटर त्यासाठी सोयीचा. पण खेड्यातल्या रात्रीच्या भारनियमनाचे काय, हा प्रश्न उरतोच. कोळशाची शेगडी पेटवून दारे लावून घेणे मात्र धोक्याचे आहे. त्या धुराने अळ्या तर गुदमरतातच, शेडमध्ये झोपलेल्या माणसाच्याही जिवावर बेतू शकते. शेगडी वापरायचीच असेल तर धूर बाहेर नेणारे धुराडे हवे.

उन्हाळ्यात सगळेच उलटे होते. पारा ४२-४३ अंशांवर जातो, हवा इतकी कोरडी होते की फांदीवरचा पाला पाहता पाहता गळून जातो. जमिनीवर पाणी शिंपणे, गोणपाटाचे ओले पडदे, पाला ओल्या फडक्याखाली साठवणे हे उपाय आहेत. पण एप्रिल-मे महिन्यांत अनेक शेतकरी पीक घेणेच टाळतात.

बुरशी तोंडातून शिरत नाही

विषाणू आणि जिवाणू अळीच्या पोटात पाल्याबरोबर जातात. मस्कार्डिनची बुरशी मात्र कातडीवाटे शिरते, आणि म्हणूनच हवेतील ओल तिच्या बाबतीत इतकी निर्णायक ठरते. अळीच्या अंगावर पडलेला बीजाणू दमट हवेत रुजतो, त्याला बारीक कोंब फुटतो, तो कोंब कातडी विरघळवणारे विकर सोडून आत घुसतो आणि अळीच्या रक्तात बुरशीचे धागे पसरतात. लागण झाल्यापासून मरण येईपर्यंत वयाप्रमाणे तीन ते सात दिवस जातात. त्या काळात अळी वरवर ठीकच दिसते. मेलेली अळी कुजत नाही, तिला दुर्गंधी येत नाही, कारण बुरशी स्वतःच जिवाणूंना रोखणारी द्रव्ये तयार करते. कोष विणल्यावर अळी आत मेली तर कोष हलका भरतो आणि हलवला की आत खुळखुळ वाजतो. असा कोष घेणारा सुतासाठी त्याला चांगला भाव देत नाही.

या रोगाला वैद्यकाच्या इतिहासात मानाचे स्थान आहे, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. इटलीतील लोदी गावचा अगोस्तिनो बास्सी हा कायद्याचा पदवीधर. दृष्टी अधू होत गेल्याने त्याला सरकारी नोकरी सोडावी लागली. तिकडे या रोगाला 'काल्चिनो' म्हणत, म्हणजे चुन्याचा रोग. १८०७ पासून सुमारे २५ वर्षे बास्सीने त्याचा पिच्छा पुरवला. सुरुवातीला त्याचाही समज असा होता, की वाईट हवा, वाईट खाद्य यांतून हा रोग आपोआप उपजतो. अळ्यांचे हरतऱ्हेने हाल करूनही रोग काही निर्माण होईना. अखेर मेलेल्या अळीवरची पांढरी पूड सुईच्या टोकाने निरोगी अळीला टोचल्यावर तो हमखास झाला. १८३५ मध्ये त्याने हे प्रसिद्ध केले. सूक्ष्म सजीवामुळे प्राण्याला रोग होतो, याचा हा पहिला पुरावा मानला जातो. लुई पाश्चर फ्रान्समधील रेशीम अळ्यांच्या दुसऱ्या एका रोगाकडे वळला, ते त्यानंतर ३० वर्षांनी, १८६५ मध्ये. 'ब्युव्हेरिया बॅसियाना' या बुरशीच्या नावात बास्सीचे नाव आजही आहे. त्याने सुचवलेले उपाय, म्हणजे रोगट अळ्या वेगळ्या काढणे, साहित्य निर्जंतुक करणे आणि खोली वाहती ठेवणे, हे आजच्या सल्ल्याहून फार वेगळे नव्हते.

आजचा सल्ला थोडक्यात असा : प्रत्येक पीक निघाल्यावर आणि पुढचे येण्याआधी संगोपनगृह, रॅक, चंद्रिका सगळे धुऊन २ टक्के ब्लीचिंग पावडर आणि ०.३ टक्के चुना यांच्या द्रावणाने भिजवायचे. ब्लीचिंग पावडर जुनी, हवा लागलेली असेल तर तिच्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो आणि नुसता पांढरा रंग मारल्याचे समाधान मिळते. म्हैसूरच्या केंद्रीय रेशीम संशोधन व प्रशिक्षण संस्थेने विकसित केलेली 'विजेता' ही भुकटी प्रत्येक कातीनंतर, पाला देण्याच्या अर्धा तास आधी अळ्यांवर धुरळतात. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात बुरशीसाठी तिच्या जोडीला पूरक भुकटीही वापरली जाते.

औषधांपेक्षा स्वस्त आणि अधिक उपयोगी पडणारी वस्तू म्हणजे चुन्याची फक्की. अळ्या कातेवर बसल्या, की खाणे थांबवून डोके वर करून स्तब्ध राहतात. त्या काळात त्यांच्याखालचा न खाल्लेला पाला ओल धरून बसतो. दहातल्या नऊ अळ्या कातेवर बसल्या, की पातळ फडक्यातून चुन्याची फक्की हलकेच भुरभुरायची. ती पाल्यातली ओल शोषते आणि लवकर उठलेल्या अळ्यांना ओला पाला खाऊ देत नाही, त्यामुळे सगळ्या जवळपास एकाच वेळी कातेतून उठतात. घाई करून अळ्या खात असतानाच चुना टाकला तर त्या उपाशी राहतात. उशीर केला तर उपयोग नाही. फांद्यांसकट पाला देण्याची पद्धत आता रूढ झाली आहे, तिचाही इथे फायदा होतो. फांद्यांच्या जाळीमुळे थरातून हवा खेळते आणि विष्ठा खाली गळते.

मेलेली अळी पांढरी होण्याआधी उचलणे, हा या सगळ्यातला कळीचा मुद्दा. पूड फुटल्यावर ती उचलताना निम्मे बीजाणू तिथेच उधळतात. चिमट्याने उचलून ती चुना आणि ब्लीचिंग पावडरच्या द्रावणात टाकायची, नंतर जाळायची किंवा खोल पुरायची. संगोपनगृहातील केरकचरा मात्र सर्रास उकिरड्यावर जातो, त्याचे खत तुतीत पडते आणि बीजाणू पाल्याबरोबर पुन्हा घरात येतात.

कापसाचा मित्र, रेशमाचा शत्रू

यवतमाळमध्ये या बुरशीच्या गोष्टीला आणखी एक पदर आहे. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यातील २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. रासायनिक विषांऐवजी जैविक कीडनाशके वापरा, असा आग्रह त्यानंतर अधिकच धरला गेला. तो रास्तच आहे. परंतु या जैविक कीडनाशकांत अग्रभागी असलेले एक नाव म्हणजे हीच ब्युव्हेरिया बॅसियाना. कपाशीवरील पांढरी माशी आणि अन्य किडींना ती जशी कातडीतून शिरून मारते, तशीच रेशीम अळीलाही. सोयाबीनच्या पाने खाणाऱ्या अळ्यांवर पावसाळ्यात आपोआप पसरणारी आणि म्हणून शेतकऱ्याला वरदान वाटणारी 'नोमुरिया रिलाई' ही बुरशी रेशीम अळीला 'हिरवी मस्कार्डिन' करते. कपाशी, सोयाबीन आणि तुती एकाच बांधाला लागून असलेल्या या जिल्ह्यात एकाचे औषध दुसऱ्याचे मरण ठरू शकते, आणि त्यात कोणाचाच दोष नसतो.

पूर्व विदर्भातील टसर रेशमाच्या अळ्या ऐन-अर्जुनाच्या झाडांवर जंगलात वाढतात. तिथे हवा कोणाच्या हाती नसते. तुतीच्या अळीची हवा शेतकऱ्याच्या हाती असली, तरी शेजाऱ्याचा पंप त्याच्या हाती नाही. म्हणून तुती उत्पादकाने स्वतःच्या कपाशीवर बुरशीजन्य कीडनाशक टाळावे, तुतीसाठी पंप वेगळा ठेवावा, शेजाऱ्याच्या फवारणीचे दिवस आधी विचारून घ्यावेत, असे सांगितले जाते. रासायनिक फवारणीचा संशय असेल तर शेतकरी आधी मूठभर अळ्यांना तो पाला घालून पाहतात. पाला विषारी असेल तर काही तासांत अळ्या तडफडतात, हिरवे पाणी ओकतात आणि उरलेले पीक वाचते. बुरशीची अशी परीक्षा घेता येत नाही. तिचा परिणाम तीन-चार दिवसांनी दिसतो, आणि तोवर तोच पाला सगळ्या रॅकवर फिरलेला असतो. त्यामुळे बुरशीजन्य कीडनाशक फवारलेल्या शेताच्या वाऱ्याखाली येणाऱ्या ओळींतला पाला त्या पिकापुरता तोडायचाच नाही, एवढे एकच पथ्य हाती उरते.